गोष्टीतल्या त्या दोघांना घरून फोन का येत नाही?

दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टी सगळ्यात जास्त कोण लिहितं? बायका लिहितात, आणि वाचणाऱ्यांतही बायकाच जास्त. हे आजचं नाही. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६९ साली बंद पडली, तरी तिच्या चाहत्यांचे हौशी अंक निघत राहिले. अशाच एका अंकात १९७४ साली कॅप्टन किर्क आणि स्पॉक यांना प्रेमी म्हणून रंगवणारी गोष्ट छापून आली. या प्रकारची ती पहिली छापील गोष्ट मानतात आणि ती एका बाईनं लिहिली होती. जपानमध्ये त्याच दशकात मुलींच्या मासिकांतून देखण्या मुलांच्या एकमेकांवरच्या प्रेमाच्या चित्रकथा यायला लागल्या. पुढं वाचक मुलींनीच आवडत्या चित्रकथांमधली पात्रं उचलून स्वतःच्या गोष्टी रचल्या. आवडत्या मालिकेतली, कादंबरीतली, सिनेमातली माणसं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या अशा गोष्टींना फॅन फिक्शन म्हणतात. स्वयंसेवकांनी चालवलेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संकेतस्थळावर अशा गोष्टी लाखांनी आहेत, आणि २०१९ साली या संकेतस्थळाला विज्ञानकथा-जगातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

मी मराठवाड्यात राहते, अशा गोष्टी वाचते आणि लिहितेही. नांदेडला, अंबाजोगाईला, लातूरच्या शिकवण्यांभोवतीच्या वसतिगृहांत अशा गोष्टी वाचणाऱ्या मुली माझ्या ओळखीच्या आहेत. थायलंडच्या मालिका पाहून त्या इकडं वळल्या. त्या इंग्रजीत वाचतात, रोमन लिपीतल्या हिंदीत वाचतात, आणि त्यांतल्या काही आता मराठीत लिहू लागल्या आहेत. हे लेखन आपल्याकडं अजून बाळसं धरतं आहे, म्हणूनच आत्ताच बोललेलं बरं. मला म्हणायचंय ते इतकंच की या गोष्टी मराठीत येताना दोन माणसं घेऊन येतात, पण ती ज्या मातीत उभी राहणार ती माती घेत नाहीत. माती नसली की साचा उरतो, आणि तो साचा आपल्याच घरातल्या नवरा-बायकोचा असतो.

आधी एक आक्षेप बाजूला सारते, कारण तो मला मान्यच नाही. बायकांनी पुरुषांच्या प्रेमाबद्दल लिहूच नये, ते त्यांचं जगणं नाही, असं काही जण म्हणतात. मराठवाड्यात बसून हे म्हणायला फार धाडस लागेल. पैठणच्या एकनाथांनी सासुरवाशिणीच्या तोंडून भवानीला साकडं घालणारं भारूड लिहिलं. ते जोशी झाले, वासुदेव झाले, जोगवा मागणारी बाई झाले. आपल्या संतकवींनी गवळणी लिहिल्या त्या गोपीच्या तोंडून, विराण्या लिहिल्या त्या विरहिणीच्या तोंडून. आणि जात्यावर बसलेल्या बायांनी काय केलं? रामायणातली सीता उचलली आणि तिचा वनवास आपल्या शब्दांत सांगितला. रामाला विचारायचे ते प्रश्न विचारले, पोथीत नसलेली माणसं आणली. दुसऱ्याची पात्रं घेऊन आपलं मन सांगायचं, ही रीत आपल्या बायांनी कुठल्या परदेशी अंकातून शिकलेली नाही. दुसऱ्याच्या कातडीत शिरायला परवानगी लागत नाही. पण एकनाथांची सासुरवाशीण खरी वाटते, कारण ती कुणाकुणाला वैतागली आहे याचा हिशोब तिच्याकडं पक्का आहे. सासरा, सासू, जाऊ, नणंद, एकेकाचं नाव घेऊन ती बोलते. हा हिशोब ऐकायला कवीला कान लागतो.

मुलींना या गोष्टी इतक्या का आवडतात, हेही नीट समजून घेतलं पाहिजे. एरवीच्या प्रेमकथेत वाचणाऱ्या मुलीला सतत स्वतःला मोजावं लागतं. नायिका गोरी आहे, सडपातळ आहे, लग्नानंतर नोकरी सोडणार की नाही हा प्रश्न तिलाच आहे, इज्जत तिचीच जाते. दोन पुरुषांच्या गोष्टीत हे ओझं उतरतं. तिथं रात्री अकराला कुणीही बाहेर पडू शकतं. कुणाला कुणाच्या घरी नांदायला जायचं नसतं. कोवळेपणा, घाबरणं, रडणं हे सगळं पुरुषाच्या वाट्याला आलेलं पाहण्यात एक सुख आहे, आणि आपण स्वतः कुणाच्या नजरेखाली नसताना इच्छेबद्दल वाचण्यात तर त्याहून मोठं सुख आहे. ज्या मुलीला मोबाइल वापरायची वेळसुद्धा घरून ठरवून मिळते, तिच्यासाठी ही मोकळीक छोटी नाही. मी या सुखाच्या बाजूनं उभी आहे.

म्हणूनच मला वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. मोकळीक मिळाल्यावर आपण तिथं नेमकं काय लिहितो? दोघांतला एक उंच, रागीट, पैसेवाला, कमी बोलणारा. दुसरा बुटका, गोरा, लाजरा, डोळे पटकन भरून येणारा. पहिला ठरवतो, दुसरा मानतो. पहिला मत्सरानं हात पिरगाळतो, दुसऱ्याला त्यात प्रेम दिसतं. स्वयंपाक दुसऱ्याकडं, आजारी पडणं दुसऱ्याकडं, माफ करणंही दुसऱ्याकडंच. जपानी चित्रकथांत या दोन भूमिकांना ठरलेली नावं आहेत, तिथून हा साचा जगभर गेला हे खरं. पण आपल्या मुलींनी तो इतक्या सहज उचलला, कारण तो त्यांनी घरात रोज पाहिला आहे. नायिका काढून टाकली आणि तिचा घुंगट एका मुलाच्या डोक्यावर टाकला. जिथं बायकोची जागा नव्हतीच अशी एक गोष्ट रचायची संधी हातात होती, आणि आपण पहिल्याच पानावर ती जागा आखून मोकळ्या झालो. समलैंगिक पुरुषांचा यात अपमान होतो असं म्हणतात, तो होतोच. पण माझ्या मते लिहिणारीचं नुकसान त्याहून जवळचं आहे.

इथं एक अडचण आहे, ती टाळून पुढं गेले तर माझंच म्हणणं खोटं ठरेल. खऱ्या आयुष्यात अशी विभागणी नसतेच, असं म्हणता येत नाही. आपल्याकडं पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांच्या बोलण्यात 'कोती' (बायकी वळणाचा पुरुष) आणि 'पंथी' (त्याचा पुरुषी जोडीदार) हे शब्द आहेत, आणि अनेक जण स्वतःला त्या शब्दांनी ओळखतात. बायकी चालीचा, बायकी बोलण्याचा पुरुष हा काही कुणी कल्पनेतून काढलेला नाही. तमाशातला नाच्या आपल्याला माहीत आहे, देवीच्या मेळ्यात साडी नेसून गाणारा आराधी माहीत आहे. त्यामुळं नाजूक मुलगा रंगवला की झाला साचा, असं म्हणणारे टीकाकार मला पटत नाहीत. उलट त्यांच्या म्हणण्यात बायकी पुरुषांबद्दलची जुनीच घृणा नव्या शब्दांत येते, जणू 'खरा' समलैंगिक पुरुष मिशा पिळणाराच असायला हवा. फरक दुसरीकडं आहे. प्रत्यक्षातला कोती स्वतःच्या जिवावर जगतो. त्याला शिव्या येतात, टाळी देता येते, चारचौघांत बोलणाऱ्याचं तोंड बंद करता येतं. त्याच्या मैत्रिणी आहेत, कमाईचं काहीतरी साधन आहे, शाळेत मार खाल्ल्याच्या आठवणी आहेत, आणि आपल्याला कोण फसवतं आहे याची जाण आहे. गोष्टीतल्या नाजूक मुलाकडं यातलं काहीच नसतं. त्याच्याकडं फक्त पापण्या असतात. बायकी असणं हा साचा नाही. बायकी माणसाला डोकं, राग आणि भूतकाळ नाकारणं हा साचा आहे.

आता मातीकडं येते, कारण माझं खरं भांडण तिथं आहे.

या गोष्टींत पहिला स्पर्श हा मोठा प्रसंग असतो. बोटाला बोट लागतं, दोघं दचकतात, आजूबाजूला कुणी पाहिलं का म्हणून घाबरतात. परदेशातल्या एखाद्या शहरात तसं होत असेल. मराठवाड्यात दोन गडी हातात हात घालून आठवडी बाजारात फिरतात. मोटारसायकलवर मागचा पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बसतो. मे महिन्यात गच्चीवर एका सतरंजीवर चार जण झोपतात, आणि त्यात कुणाला काही दिसत नाही. खोली भाड्यानं घेतानाही दोन पोरांना कुणी नातं विचारत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दोन रूम पार्टनर संभाजीनगरला एकाच खोलीत सहा वर्षं राहिले तरी घरमालकाची तक्रार असते ती पाण्याच्या मोटारीबद्दल. इथं पुरुषांच्या जवळिकीवर पहारा नाही. पहारा आहे तो लग्नावर. दोन पुरुष एका गादीवर झोपले तर काही बिघडत नाही, त्यांतल्या एकानं स्थळ नाकारलं की सगळं बिघडतं. एका स्थळाला नाही म्हटलं तर आवडली नसेल, दुसऱ्याला नाही म्हटलं तर जास्त शिकला म्हणून माज आला, तिसऱ्यापासून मामा विचारायला लागतो, चौथ्यानंतर आई देवाला घेऊन जाते. आपल्याकडच्या अशा गोष्टीत श्वास रोखून धरायचा प्रसंग चुंबनाचा नसतो. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि घरून फोन येतो, तो प्रसंग असतो.

परभणीकडचा माझा एक मित्र आहे. तो स्वतः पुरुषावर प्रेम करणारा आहे आणि माझं लेखन छापण्याआधी वाचतो. त्यानं एकदा विचारलं, "तुमच्या गोष्टीत एवढी प्रेमं चालू असतात, त्या दोघांपैकी कुणाच्याच आईचा फोन कसा काय येत नाही?" मला वाटतं या संपूर्ण लेखनप्रकारावरची ही सगळ्यात नेमकी टीका आहे. साच्यातली माणसं अनाथ असतात. त्यांना आईबाप असलेच तर श्रीमंत आणि दुष्ट असतात, एका प्रसंगात येऊन थोबाडीत मारतात आणि जातात. मराठवाड्यातले आईबाप मारतात कमी, रडतात जास्त. ते बहिणीचं लग्न अडलंय म्हणतात. पोराला त्या रडण्याचा राग येत नाही, हीच त्याची अडचण असते.

आणि लग्नाचा हा दाब नुसता 'लोक काय म्हणतील' एवढ्यावर संपत नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. तिथं मजुरीचा हिशोब कोयत्यावर चालतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते ती जोडीवर. पोराचं लग्न लवकर उरकण्याच्या घाईमागं हा हिशोब असतो, हे बीडमध्ये कुणालाही विचारा. अशा घरातला पोरगा बाईशी लग्न करायला नको म्हणतो तेव्हा तो घराची कमाई निम्म्यावर आणतो. त्याचा बाप जुनाट विचारांचा असेल किंवा नसेल, त्याच्यासमोर उचल फेडायचा प्रश्न असतोच. ज्याच्यावर प्रेम आहे तो दुसऱ्या टोळीत, दुसऱ्या कारखान्यावर, आणि पाच-सहा महिने फडात पाचटाच्या कोपीत राहायचं, जिथं एकांत कुणालाच नाही. हे प्रेम कसं टिकतं? कुठं बोलतात दोघं? मोबाइल कुठं चार्ज करतात? मला ही गोष्ट वाचायची आहे. अब्जाधीश आणि त्याचा सचिव यांची हजारावी गोष्ट वाचण्यापेक्षा कितीतरी जास्त ओढीनं मी ती वाचीन.

याचीच दुसरी बाजू अशी की आज आपल्याकडं शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत. गावोगावी पस्तिशीतले बिनलग्नाचे गडी आहेत आणि त्यांची चेष्टाही होते, कीवही येते. त्यांच्यातला एखादा मनातून सुटलेला असतो. त्याला कुणी कारण विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीतच आहे की शेतकऱ्याला स्थळ येत नाही. दुष्काळानं त्याला आडोसा दिला. किती गुंतागुंतीची जागा आहे ही! बहिणीच्या संसाराला हातभार लावणारा, भावकीत बिचारा ठरलेला, आणि आत कुठंतरी मोकळा. साच्यात बसवायचा म्हटलं तरी तो बसत नाही.

जातीबद्दलही बोलायला हवं, थोडक्यात बोलते, कारण यात वाद घालण्यासारखं काही नाही. आपल्या मराठी गोष्टींतल्या या मुलांना आडनावं नसतात. विद्यापीठाच्या नामांतरावरून १९७८ ते १९९४ या काळात ज्या भागात घरं जळाली, माणसं मेली, तिथं दोन मुलं त्याच विद्यापीठाच्या आवारात प्रेमात पडतात आणि कुणाचं घर गावात आहे आणि कुणाचं वस्तीवर हे त्यांना आठवतच नाही, हे मला पटणार नाही. दोघं पुरुष असण्याआधी त्यांच्या आडनावांवरून भांडण होईल.

सगळ्यात जास्त अन्याय या गोष्टींनी केला आहे तो बायकोवर. ती गोष्टीत येते ती खलनायिका म्हणून. ठरवलेली नवरी, हट्टी, नखरेल, दोघांच्या मधे कडमडणारी. शेवटी तिला कुणीतरी झिडकारतं आणि वाचक टाळ्या वाजवतात. लिहिणाऱ्या बायका, वाचणाऱ्या बायका, आणि गोष्टीतली एकुलती एक बाई तिरस्काराची धनी! मराठवाड्यात असे कितीतरी संसार आहेत जिथं नवऱ्याचं मन कधीच घरात नव्हतं. त्यातल्या बाईला वर्षानुवर्षं वाटत राहिलं की दोष आपल्यात आहे. तिनं रंग उजळायची मलमं लावली, नवस केले, उपास धरले, मूल होत नाही म्हणून दवाखाने पालथे घातले आणि सासूचे टोमणे ऐकले. तिला कुणी काही सांगितलं नाही. नवराही फसवणारा राक्षस नव्हता, त्यालाही रेटून बोहल्यावर चढवलं होतं. दोन माणसांची आयुष्यं एका सनईच्या आवाजात बांधली गेली. दोन पुरुषांच्या प्रेमाची वास्तव गोष्ट आपल्याकडं लिहायची तर या बाईला टाळता येणारच नाही, आणि तिला आवाज द्यायला बाईइतकं योग्य कोण आहे? मला वाटतं मराठीतली मोठी गोष्ट इथं दडून बसली आहे. ती लिहायला एखादी बाई सापडायची आहे.

आता बळजबरीबद्दल. एकानं दुसऱ्यावर जबरदस्ती करायची आणि तिसऱ्या प्रकरणात त्याचं प्रेम व्हायचं, हे या गोष्टींत इतक्या वेळा येतं की वाचणाऱ्यांना त्याचं काही वाटेनासं झालं आहे. कुणी म्हणेल की हे कल्पनाचित्र आहे, वाचणाऱ्याला फरक कळतो. आपल्या कायद्याची स्थिती पाहा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या गुन्ह्यातून वगळले. बळजबरीला ते कलम तरीही लागू होतं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात त्या कलमाची जागा रिकामीच राहिली, आणि बलात्काराची व्याख्या बाईपुरतीच आहे. म्हणजे एखाद्या जाणत्या पुरुषावर पुरुषानं लैंगिक बळजबरी केली, तर त्या गुन्ह्याला त्याच्या नावानं हाक मारणारं कलम आज नाही. ॲपवरून ओळख काढून भेटायला बोलवायचं, मारहाण करायची, चित्रफीत घरी पाठवीन म्हणून पैसे उकळायचे, अशा बातम्या आपण वाचतो. ज्याच्यावर हे येतं तो पोलिसांत जात नाही, कारण तिथं पहिला प्रश्न 'तू तिथं गेला कशाला' हा असतो. अशा ठिकाणी 'आधी जबरदस्ती, मग प्रेम' असं लिहिणं हा निव्वळ चवीचा प्रश्न राहत नाही. हिंगोलीतल्या सतरा वर्षांच्या पोराला स्वतःबद्दल मराठीत वाचायला काय मिळतं? शाळेच्या पुस्तकात काही नाही, घरात काही नाही, विनोदी कार्यक्रमांत टिंगल. मग शोधता शोधता तो आपल्या गोष्टींपाशी पोचतो. आपण त्या पोराला डोळ्यासमोर ठेवून लिहिलं नव्हतं, तरी वाचणार तो आहे. त्याला आपण सांगतो की जो तुला दुखवतो त्याचं तुझ्यावर प्रेम आहे. अशा गोष्टी बंद करा असं मी म्हणत नाही. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'वर गोष्ट टाकताना लेखकाला आधी सूचना लावावी लागते, की यात बलात्कार आहे, टोकाची हिंसा आहे, मुख्य पात्राचा मृत्यू आहे, किंवा सूचना द्यायची नाही असं तरी स्पष्ट सांगावं लागतं. मराठीत गोष्टी छापणाऱ्यांनी निदान एवढं तरी करावं.

वास्तव म्हटलं की काही लेखिकांना वाटतं, आता मारायचंच. एकाला फास, दुसऱ्याला दारू, शेवटी पाऊस. मरणाचा हा शेवट मला नाजूक मुलाच्या साच्याइतकाच खोटा वाटतो, आणि त्याहून जास्त आळशी. मराठवाड्यात आत्महत्येचं दुःख आपण इतकं जवळून पाहिलं आहे की ते गोष्ट संपवायची सोय म्हणून वापरायला हात धजायला नको. माणसं जगतात. खोटं बोलून, निम्मं खरं बोलून, पुण्याला बदली मागून, किंवा इथंच राहून. २०२५ च्या आधी अशा जगण्याची मराठी गोष्ट दाखव म्हटलं असतं तर मला बराच वेळ आठवावं लागलं असतं. २०२५ साली रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागातलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर मुंबईतला मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, नातेवाईक लग्नाबद्दल विचारत राहतात, आणि गावातल्या जुन्या दोस्ताशी त्याचं नातं पुन्हा उमलतं. सुतकाचे नियम, भावकीचे प्रश्न, रान, शेळ्या. याच तपशिलांतून ते प्रेम उभं राहतं. तपशील वाढला म्हणून कोवळेपणा कमी होत नाही, हे दाखवून द्यायला याहून जास्त काय हवं?

म्हणून वास्तव मागताना मी दुःख मागत नाही, तपशील मागते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं खुलासा केला, की अशा जोडीदारांना एकत्र बँक खातं उघडता येतं, त्या खात्यासाठी एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमता येतं, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एका घरातले मानावं. आता दोन चाळिशीतले पुरुष जालन्यातल्या एखाद्या बँकेत फॉर्म भरायला बसले आहेत अशी कल्पना करा. 'नाते' या रकान्यात काय लिहायचं? पलीकडं बसलेली कारकून बाई एकाच्या चुलतबहिणीची वर्गमैत्रीण निघते. एक म्हणतो, मित्र लिही. दुसरा पेन खाली ठेवतो. या एका टेबलावर प्रेम आहे, भीती आहे, वीस वर्षांचा सहवास आहे, रुसवा आहे, आणि वाचणाऱ्याला जीव मुठीत धरायला लावणारी उत्कंठाही आहे. सातबारावर नाव कुणाचं लागणार हा तर कादंबरीचा ऐवज आहे.

बोलण्याचंही तेच. गोष्टीतले आपले नायक एकतर छापील मराठीत बोलतात किंवा हिंदी सिनेमासारखं. नांदेडचा पोरगा "मी तुझ्यावाचून जगू शकत नाही" असं नाही म्हणणार. तो म्हणेल, "कधी यायलास?" आणि उशीर झाला तर रुसून "काहून आलास आता?" म्हणेल. त्या रुसण्यात सगळं आहे, लिहिणारीला ते ऐकू यायला हवं.

यावर जुनं उत्तर आहे, ते मला माहीत आहे. जपानमध्ये १९९२ साली हाच वाद पेटला होता. सातो मासाकी या समलैंगिक कार्यकर्त्यानं बायकांच्या एका छोट्या नियतकालिकात लिहिलं, की तुम्ही आमच्याबद्दल लिहिता, पण तुमच्या गोष्टींत फक्त देखणी मुलं असतात, आमच्यासारख्या खऱ्या माणसांशी तुम्हाला काही देणंघेणं नाही. काही लेखिकांनी उत्तर दिलं, की हे तुमच्याबद्दल नाहीच, ही आमची कल्पना आहे, आम्हाला आमच्या बाई असण्यातून सुटायचं आहे. काहींना त्याचं म्हणणं लागलं आणि त्यांनी आपलं लेखन तपासलं. पुढं तिथल्या गोष्टींत खऱ्या समाजात जगणारे, नोकरी-घर-शेजार असलेले समलैंगिक पुरुष जास्त दिसू लागले असं अभ्यासक सांगतात. म्हणजे टीकेनं हा प्रकार मेला नाही, वाढला.

'हे तुमच्याबद्दल नाहीच' हे उत्तर त्या लेखिकांना जपानमध्ये देता आलं असेल. मला मराठीत ते देता येत नाही, कारण इथं या माणसांबद्दल दुसरं लेखनच मूठभर आहे. शंभर गोष्टींतली एक साच्याची असली तर तिला कल्पना म्हणून सोडून देता येतं. दहांतल्या नऊ तशा असल्या की वाचणारा त्यालाच माहिती समजतो. त्याचबरोबर, लिहिणाऱ्यानं आधी आपण कोण आहोत ते जाहीर करावं, मगच लिहावं, ही मागणीही मला धोक्याची वाटते. टोपणनावानं लिहिणाऱ्यांत न सांगितलेले समलैंगिक पुरुष असतात, बाईवर प्रेम करणाऱ्या बाया असतात. त्यांना दारात उभं करून ओळखपत्र मागितलं तर ते आल्या पावली परत जातील. लेखकाची चौकशी नको, गोष्टीची करा.

ही चौकशी करायला समीक्षक लागत नाही. गोष्टीखाली वाचकांचे अभिप्राय येतात, त्यांत 'किती गोड' यापलीकडं कधी काही नसतं. तिथं विचारा. हा इतका लाजतो, पण याला राग कशाचा येतो? खोलीचं भाडं कोण भरतं? हे दोघं कुठल्या गावचे, कुणाच्या जातीतले? त्या नवरीचं पुढं काय झालं? लिहिणाऱ्या मुली बहुतेक विशीतल्या आहेत, त्यांना असं कुणी विचारलेलंच नाही. माझ्या मित्रानं मला फोनबद्दल विचारलं, त्यानंतर माझ्या गोष्टीतल्या एका पोराला आई मिळाली. ती गंगाखेडची आहे, तिला गुडघेदुखी आहे, ती दर रविवारी फोन करते आणि त्याच्या रूम पार्टनरशीही बोलते, त्याला लोणचं पाठवते. तिला किती कळलंय हे मी अजून ठरवलेलं नाही, पण तिच्या येण्यानं दोघांची भांडणं बदलली आहेत, आणि आता पुढचं प्रकरण तिच्या संभाजीनगरच्या मुक्कामाचं आहे.